जुन्या मोटरसायकलचं इंजिन साठच्या वेगाला ओरडतं. पुढचं स्प्रॉकेट मोठं बसवू का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: घरातली जुनी साडेतीनशे सीसीची, चार गिअरची मोटरसायकल तुम्ही पुन्हा चालती केली आहे. आतापर्यंत सवय नव्या पाच गिअरच्या गाडीची. जुनीला आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा नाही. साठच्या पुढे गेलं की इंजिन ओरडतंय असं वाटतं आणि पाय आपोआप पाचवा गिअर शोधायला लागतो. म्हणून पुढचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चक्र) एक-दोन दात्यांनी मोठं करायचा विचार आहे, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरेल.

करू नका, निदान इतक्यात तरी. तुमचं इंजिन साठला खरंच किती फिरतंय ते आधी मोजा. त्याला मीटर लागत नाही, खडू पुरतो.

गाडी मेन स्टँडवर घ्या, इग्निशन बंद, स्पार्क प्लग काढून ठेवा म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा अडथळा) आडवं येणार नाही. टॉप गिअर टाका. मागच्या टायरवर खडूने एक रेघ मारा. प्लगच्या भोकात एक लांब, लवचीक प्लास्टिकची स्ट्रॉ सोडून हलकेच धरा. आता दुसऱ्या कोणालातरी चाक टायरला धरून हळूहळू पुढे फिरवायला सांगा (चेनजवळ बोटं अजिबात नकोत). पिस्टन वर आला की स्ट्रॉ वर येते, तो इंजिनाचा एक फेरा. चाकाचे दहा फेरे होईपर्यंत मोजत राहा, एकाच फेऱ्यात अंदाज चुकतो. माझ्या जुन्या बुलेटवर चाकाच्या दहा फेऱ्यांत स्ट्रॉ पन्नास वेळा वर आली. म्हणजे चाक एकदा, तर इंजिन पाचदा.

हेच दाते मोजूनही निघतं. माझ्या गाडीत इंजिनाच्या स्प्रॉकेटला २५ आणि क्लचला ५६ दाते आहेत, पुढे गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटला १७ आणि मागच्या चाकाला ३८. छप्पन्न भागिले पंचवीस, गुणिले अडतीस भागिले सतरा: उत्तर ५ च्या अगदी जवळ. चौथा गिअर डायरेक्ट (प्रमाण एकास एक) असल्यामुळे मध्ये आणखी काही गुणावं लागत नाही.

१९ इंची चाकाचा टायर एका फेऱ्यात साधारण २ मीटर जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १ किलोमीटर, म्हणजे चाकाचे ५०० फेरे. गुणिले पाच: २,५०० आरपीएम. ऐंशीला सुमारे ३,३००. आणि हे इंजिन आपली पूर्ण ताकद देतं साडेपाच हजारांच्या वर. साठला ते निम्म्यावरही पोचलेलं नसतं! ज्या छोट्या इंजिनाच्या गाडीची तुम्हाला सवय आहे ती त्याच वेगाला सहज साडेचार-पाच हजार फिरत असते, फक्त तुम्हाला ते जाणवू देत नाही.

म्हणजे तुम्हाला जाणवतेय ती थरथर. एकच मोठा पिस्टन वरखाली आपटतोय आणि तो हादरा झेलायला बॅलन्सर शाफ्ट (उलट तोल देणारा फिरता दांडा) नाही. हा हादरा आरपीएमच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीला गेलात तर आरपीएम एक तृतीयांशाने वाढतो, पण हादरा जवळपास पावणेदोन पट होतो. आरसा धूसर होतो, फूटरेस्टवर तळवे झिणझिणतात आणि डोकं सांगतं, गिअर बदल.

पण म्हणून जुनं इंजिन कितीही पिळा, असंही नाही. बुलेटचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरून खाली जातो ते अंतर, ९० मिलिमीटर. ५,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो. स्ट्रोक ५० मिलिमीटर असलेल्या इंजिनाला तोच वेग गाठायला ९,००० फिरावं लागतं. त्यामुळे नव्या गाडीच्या काट्यावरचे आकडे जुनीला लावू नका. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, कमी आरपीएमवर भरपूर ओढ, अशी ही जात आहे. माझ्या मते तुमच्या गाडीला टॉपमध्ये साठ ते सत्तर हा सुखाचा पट्टा आहे. नव्वदला ती जाईल, पण रोज तिथे ठेवायची ती गाडी नव्हे.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. आवाजाला घाबरून लोक उलट चूक करतात, आणि मी स्वतः दोन वर्षं केली. पेट्रोल वाचेल म्हणून तीस-पस्तीसलाच टॉप टाकायचो आणि चढ आला की गिअर न पाडता मूठ पिळायचो. पस्तीसला टॉपमध्ये इंजिन दीड हजाराच्याही खाली असतं. सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम बारा धक्के. मूठ पूर्ण उघडी असेल तर प्रत्येक धक्का हातोड्यासारखा बसतो: बिग एंडवर (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगवर), क्लचवर, चेनवर. त्यात ऑइल पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे सगळ्यात जास्त भार येतो तेव्हाच ऑइल सगळ्यात कमी. माझ्या चेनचे काही दुवे इतके ताणले गेले की चाकाच्या एका जागी ती ढिली आणि दुसऱ्या जागी तटतटीत. मागच्या हबमधल्या रबरांचा तर चुरा निघाला. मेकॅनिकने एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "चढावर गिअर पाडता की नाही?" मी गप्प.

त्यामुळे काटा नसला तरी कानाला दोन आवाज ओळखायला शिकवा. मूठ पिळल्यावर वेग न वाढता नुसता जाड, पोकळ ढबढब आवाज आला, किंवा डब्यात खडे हलवल्यासारखं नॉकिंग सुरू झालं, तर गिअर खाली. आणि मूठ पिळूनही आवाजच वाढतोय, ओढ वाढत नाही, तर गिअर वर. टू-स्ट्रोकवर शिकलेल्यांनी मात्र कान नव्याने लावावा. यामाहा आरएक्स १०० सारख्या गाडीत प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, त्यामुळे तेवढ्याच आरपीएमला धडधड दुप्पट वेगाने ऐकू येते. शिवाय तिची ताकद ७,५०० च्या आसपास असते, तिथे ती ओरडलीच पाहिजे.

गिअर खाली घेताना काय होतं तेही आकड्यात बघा. माझ्या गाडीत तिसऱ्याचं प्रमाण १.३६, दुसऱ्याचं १.८४, पहिल्याचं २.७८. साठला टॉपमध्ये २,५००, तिसऱ्यात ३,४००, दुसऱ्यात ४,६००. चुकून पहिला पडला तर जवळपास ७,०००. तिसरा टाकताना क्लच दाबून मुठीला हलका झटका द्या, तेवढे नऊशे फेरे इंजिनाला आधीच चढू द्या, मग क्लच सोडा. मागचं चाक कचकन अडकत नाही.

चारच गिअर का, हाही तुमच्या प्रश्नात दडलेला भाग आहे. ज्या इंजिनाची ओढ खालपासून वरपर्यंत पसरलेली असते त्याला थोडे गिअर पुरतात. उलट टोक बघायचं तर १९६७ ची सुझुकीची ५० सीसी रेसिंग गाडी: १७,००० हून जास्त आरपीएम आणि १४ गिअर! तिची ताकद इतक्या चिंचोळ्या पट्ट्यात होती की दर क्षणी गिअर बदलूनच त्या पट्ट्यात राहता यायचं. (ती चालवताना कितव्या गिअरमध्ये आहोत हे लक्षात कसं ठेवत असतील, देव जाणे.)

आता स्प्रॉकेट. १७ चं १८ केलं तर आरपीएम साडेपाच टक्क्यांनी उतरतो, साठला २,५०० चे २,३६०. हाताला फरक कळेल न कळेल. पण प्रत्येक गिअर तेवढाच लांबतो, अगदी पहिलासुद्धा, म्हणजे चढावर आणि डबलसीट निघताना हाफ क्लच जास्त. वारा समोरून असेल तर टॉप पेलवेना म्हणून तिसऱ्यात यावं लागेल. त्यात स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघत असेल तर काटाही खोटं सांगू लागेल. पुढच्या चाकातून निघत असेल तर ती अडचण नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकट्यानेच लांब जायचं असेल तर एक दाता वाढवायला माझी हरकत नाही. फक्त आधी दाते मोजा. या जुन्या गाड्यांमध्ये कोणीतरी पूर्वीच १६ चं किंवा १८ चं बसवून ठेवलेलं असतं आणि घरात कोणालाच ते माहीत नसतं. तुमच्याकडे १६ निघालं तर १७ खुशाल बसवा.