वाचकांचे प्रश्न : पटरवरचा हात झटकतो तेव्हा

प्रश्न : मी ५३ वर्षांचा आहे, बारा वर्षं गोल्फ खेळतोय. गेल्या पावसाळ्यापासून तीन-चार फुटांचा पट (पटर नावाच्या काठीनं बॉल होलमध्ये हळूच ढकलायचा फटका) मारताना उजवा हात एकदम झटकतो. त्या क्षणी तो हात माझा राहतच नाही. सरावात सगळं ठीक असतं. मित्र सांगतात, ‘जर्मन गोल्फपटू लांगरला बघ, त्यालाही हाच त्रास होता.’ मुलगा म्हणतो, सीनियर टूर (पन्नाशीपुढच्या व्यावसायिकांची स्पर्धामालिका) म्हणजे निवृत्तांची हौस, तिथली उदाहरणं काय द्यायची? खरं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका स्पर्धेत शेवटच्या होलवर माझा चार फुटांचा पट होता. लाइन, म्हणजे बॉलची होलपर्यंतची वाट, स्वच्छ दिसत होती. पटर मागे नेला, पुढे आणताना मनगटानं हिसका दिला आणि बॉल होलच्या डावीकडून पाच फूट पुढे गेला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. म्हणून आधीच सांगतो, तुम्ही घाबरट नाही. याला यिप्स म्हणतात. कुणाच्या बाबतीत मेंदू आणि स्नायू यांचा मेळ बिघडलेला असतो, कुणाच्या बाबतीत मनावरचं दडपण असतं, आणि अनेकदा दोन्हींची सरमिसळ असते. हात गोल्फबाहेरही, म्हणजे सही करताना किंवा कप उचलताना थरथरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता बर्नहार्ड लांगर. जर्मनीत आउग्सबुर्गजवळच्या आनहाउझेन गावचा, जन्म १९५७ चा. वडील गवंडी. लहानपणी हा सायकलवरून गोल्फ क्लबात कॅडीचं, म्हणजे खेळाडूंची बॅग उचलायचं काम करायला जायचा आणि पंधराव्या वर्षी व्यावसायिक झाला. मीही बॅग उचलतच हा खेळ शिकलो, त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच माया आहे. विशी गाठायच्या आसपास त्याला यिप्सनं पहिल्यांदा धरलं आणि पुढे पुन्हा पुन्हा धरलं. तरी १९८५ मध्ये तो मास्टर्स ही मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकला. १९८६ मध्ये जागतिक क्रमवारी सुरू झाली, तेव्हा पहिल्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं.

पण तुम्ही १९९१ चा रायडर कप, म्हणजे युरोप आणि अमेरिका यांच्या संघांमधली लढत, समजून घ्या. अमेरिकेत कियावा आयलंड, शेवटच्या दिवसाचा शेवटचा सामना, समोर अमेरिकेचा हेल अर्विन. लांगरनं सहा फुटांचा पट घातला असता, तर १४–१४ अशी बरोबरी होऊन कप युरोपकडेच राहिला असता. लाइनवर बुटांच्या खिळ्यांच्या खुणा होत्या, आणि त्या दाबून सपाट करायला तेव्हा नियमानं बंदी होती (२०१९ पासून परवानगी आहे). तेव्हा तो उजव्या हातानं डावा हात आणि पटरची दांडी एकत्र आवळून पट मारायचा. बघणाऱ्याला विचित्र वाटेल अशी ती पकड. बॉल होलच्या कडेनं निघून गेला आणि त्यानं मान मागे टाकून डोळे मिटले. त्याचा तो चेहरा मी आजही विसरलेलो नाही. पुढच्याच आठवड्यात तो जर्मन मास्टर्स जिंकला. १९९३ मध्ये दुसऱ्यांदा मास्टर्स जिंकला, तोही याच पकडीनं.

नंतर त्यानं लांब पटर घेतला, वरचा हात छातीला टेकवून मारायचा. १ जानेवारी २०१६ पासून तसं टेकवायला बंदी आली. अनेकांना वाटलं, आता संपला. त्यानं पटर तोच ठेवला, फक्त हात छातीपासून सुटा केला, आणि २०१७ च्या एका मोसमात सीनियर गटाच्या तीन मेजर स्पर्धा जिंकल्या. त्याचा हात खरंच सुटा असतो का, अशी कुजबुज झाली, पण नियम करणाऱ्या संस्थांनी त्याला निर्दोष ठरवलं.

आता तुमच्या चिरंजीवांसाठी. अमेरिकेतली सीनियर टूर १९८० मध्ये सुरू झाली आणि पन्नाशी हीच तिची प्रवेशाची अट आहे. तिथे कुणी सहज जिंकत नाही, कारण समोर मेजर जिंकलेले लोक उभे असतात. लांगर २००७ मध्ये तिथे आला आणि त्याच वर्षी जिंकला. नंतर २०२४ पर्यंत एकही मोसम विजयाशिवाय गेला नाही. या टूरवर सर्वाधिक विजयांचा विक्रम ४५ चा होता, आणि तो कुणाचा? हेल अर्विनचा. कियावाला समोर उभा होता तोच. २ जुलै २०२३ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, विस्कॉन्सिनमध्ये अमेरिकन सीनियर ओपन जिंकून लांगरनं ४६ वा विजय मिळवला. हे मुलाला जरूर वाचून दाखवा.

आता तुमचा हात. पकड बदला, आणि बदलताना लाजू नका. पहिले दोन आठवडे डावा हात खाली, उजवा वर, घरात सतरंजीवर तीन फुटांवरून मारा. होल नको, बॉलही रोज नको, नुसता पटर डोलवा. झटका तरीही आला, तर उजव्या हाताची नुसती बोटं दांडीवर ठेवून बघा. क्लबातले लोक पहिल्या दिवशी बघतील, चौथ्या दिवशी कुणाचं लक्षही नसेल. मला माझी पकड सापडायला सात महिने लागले. दोन महिन्यांनी मला पुन्हा लिहा.

प्रश्न : सीनियर टूरवर गाडीत बसून फिरतात म्हणे. मग तो खेळ कसला?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मेजर सोडल्या तर बहुतेक स्पर्धांत गाडीची मुभा असते, आणि चारऐवजी तीन फेऱ्या, म्हणजे ५४ होल. फटका मात्र जमिनीवर उभं राहूनच मारावा लागतो. लांगरचंच सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिकलबॉल खेळताना त्याच्या टाचेमागचा स्नायूबंध तुटला. त्या वर्षीची मास्टर्स हुकली, पण मे महिन्यात तो टूरवर परतला. नोव्हेंबरमध्ये फीनिक्सला मोसमाची शेवटची स्पर्धा होती. अठराव्या होलवर त्यानं सुमारे तीस फुटांचा पट घातला आणि एका फटक्यानं जिंकला. वय ६७, विजय ४७ वा.