लेकीच्या बॅडमिंटनसाठी ११ लाखांची एफडी मोडावी का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी अकरा वर्षांची, रत्नागिरीत बॅडमिंटन खेळते, यंदा जिल्ह्यात सेमीफायनलला गेली आणि कोचचं म्हणणं पडलं की आत्ता पुण्याला नेली नाही तर उशीर होईल, म्हणून तुम्ही पतसंस्थेतली २२ हजारांची नोकरी सोडून तिला घेऊन बालेवाडीकडे राहायला जायचं, मिस्टर इकडे पावसची आंब्याची बाग आणि धाकट्याला बघणार आणि खर्चाला एफडी मोडायची.

आत्ता नको, असं माझं मत आहे. खेळ बंद करा असं म्हणत नाहीये हां, फक्त हा व्यवहार या आकाराचा नको.

तुम्हीच दिलेले आकडे घ्या. अकॅडमी १५ हजार, वन बीएचकेचं भाडं २०, तिकडचा घरखर्च १२, शटल, गटिंग (रॅकेटच्या तारा बदलणं), टूर्नामेंटचा प्रवास धरून १०, झाले महिन्याला ५७ हजार म्हणजे वर्षाला ६ लाख ८४ हजार, पण यात तुमचा बुडालेला पगार कुठेच नाही, तो २ लाख ६४ हजार मिळवला की साडेनऊ लाखांना टेकतं, म्हणजे एफडी सव्वा वर्षसुद्धा पुरत नाही. तेव्हा पोरगी बारा-साडेबाराची असेल, अजून अंडर फिफ्टीन, सेव्हन्टीन, नाइन्टीन सगळं पुढेच. आणि खर्च खरा तेव्हाच वाढतो. लहान गटात प्लॅस्टिकच्या शटलवर भागतं, पुढे फेदर म्हणजे पिसांची शटल लागतात, डब्यात बारा, आणि जोरात खेळणारी दोन पोरं समोरासमोर आली की एका सकाळी अर्धा डबा पिसं गळून बाजूला पडतो.

बाग आहे ना, असं तुम्ही लिहिलंय. आहे, पण पुण्यातला घरमालक भाडं दर महिन्याला मागणार आणि तुमच्याकडे वाशीच्या बाजारातून आंब्याच्या विक्रीची पट्टी येते एप्रिल-मेमध्ये, तीही थ्रीप्सच्या किडीने आणि अवकाळी पावसाने मोहोर ठेवला तर. फवारणीची उधारी त्यातूनच फेडायची. अशा उत्पन्नाला एफडी हाच आधार असतो. मुलीचं सुकन्या समृद्धीचं खातं तर यात धरूच नका, त्यातले पैसे ती अठराची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठीच, तेही निम्म्यापर्यंत निघतात, कोचिंगसाठी नाही.

राहिलं उशीर होईल हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला सल्ला उलटाच आहे, बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळापर्यंत लांबवा, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी द्या आणि वर्षात मिळून तीन महिने त्या खेळापासून लांब ठेवा, एकेक महिना करून. त्यामागे अतिसरावाच्या दुखापती आहेत आणि कंटाळून खेळच सोडून देणं आहे. तुमच्या वेळापत्रकात पहाटे साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी परत चार तास आहेत, आठवड्याचे सहा दिवस. शाळेचा रकाना रिकामा ठेवलायत, तो चुकून राहिला असं मी समजतो.

नोकरी तरी लागेल म्हणालात. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण नुसतं खेळून चालत नाही, ठराविक पातळीचं पदक लागतं, प्रमाणपत्राची पडताळणी होते. त्यासाठी ११ लाख घालणं मला पटत नाही. उलट पोरगी खरंच वर आली तर पैसा तिकडून येतो, केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजारांपर्यंत खर्च होतो, त्यात १ लाख २० हजार हातखर्चाचे. आपल्या राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून, म्हणजे खेळाडूंना निवडून तयार करणाऱ्या निवासी केंद्रातून, स्वप्नील कुसळे घडला, पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये नेमबाजीत ब्राँझ आणलं त्याने. बॅडमिंटनसाठी आत्ता कुठे निवड चाचणी आहे ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर नको.

मग करायचं काय, तर तुमच्या पगारातून महिन्याला १२ हजार तिच्या खेळाचे, वर्षाचे १ लाख ४४ हजार, त्यात रत्नागिरीतलं कोचिंग, बूट, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला एखादा कॅम्प (एसटीत तुम्हाला अर्धंच तिकीट) आणि दोन-तीन बाहेरच्या टूर्नामेंट बसतात. मे महिन्यातला कॅम्प टाळा, घरात पेट्या भरायची घाई असते आणि तिलाही तो महिना रॅकेटशिवाय मिळू दे, पोहू दे, धाकट्याशी भांडू दे. दोन वर्षांनी परत बघू. ही रक्कम गेली तर गेली, तिच्याकडून काही वसूल करायचं नाही, हे घरात आधी ठरवा, कारण आईने नोकरी सोडली, एफडी मोडली हे कळायला लागलं की चौदाव्या वर्षी 'मला नाही खेळायचं' म्हणायची पोराची हिंमत होत नाही, तसं एक घर माझ्याच क्लायंटमध्ये आहे.

एफडी तशीच ठेवा, फक्त मुदत संपली की एकच पावती करू नका, तीन-चार करा, म्हणजे अडीनडीला सगळी मोडावी लागणार नाही. आणि मिस्टरांच्या नावावर टर्म इन्शुरन्स दिसला नाही मला कुठे. बाग त्यांच्याच अंगावर चालते, तेव्हा रॅकेटच्या आधी तो काढा, पुढच्या मेलमध्ये त्यांची जन्मतारीख आणि कर्ज किती आहे ते कळवा.