ओम्नीचं इनटेक मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटरमधून इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्याचं) पॅकिंग दोनदा बदललं, भरपूर सिलिकॉन लावलं, तरी हवा ओढते. आता डबल पॅकिंग टाकू का?

नको. डबल तर अजिबात नको, आणि ती सिलिकॉनची ट्यूबही बाजूला ठेवा.

मी खानापूरकडचा. मेस्त्री नव्हे, पण आमच्या घरच्या कार्ब्युरेटरवाल्या ओम्नीवर हे सगळे उद्योग स्वतःच्या हातानं करून बसलोय. लक्षणं तुमचीच: रेस दिली की ठणठणीत, स्लोवर (रेसवरचा पाय काढल्यावर) आली की थरथर. चोर्ला घाट चढायची, पण बेळगावात शिरून सिग्नलला थांबली की बंद. उघडून बघतो तर आत पाझरलेलं सिलिकॉन पेट्रोलनं फुगून मऊ पडलेलं आणि त्यातला एक तुकडा गायब. तो कुठल्या वाटेनं गेला असेल, याचा विचार करत रात्र काढली.

इथं गळती उलटी असते बघा. तेल-पाण्यासारखं काही बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. थ्रॉटल (हवेची झडप) मिटलेलं असताना ही ओढ जोरात, म्हणून फट बारीक असली तरी स्लोवर मिश्रणात हवा जास्त होते. रेस दिली की तेवढ्या हवेनं फरक पडत नाही.

आधी चोर पॅकिंगच आहे का ते बघा. इंजिन थंड असतानाच चालू करून जोडावर साबणाचं पाणी थोडं थोडं मारा. जिथं आवाज बदलतो तिथं फट. पेट्रोल मारून बघायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. व्हॅक्यूमच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरखालचं पॅकिंगही याच वेळी तपासा.

फट मॅनिफोल्डलाच सापडली तर दोष बहुतेक फेसचा, म्हणजे जोडाच्या सपाट पृष्ठभागाचा. मॅनिफोल्डला पाण्याच्या नळ्या असतील तर खोलण्याआधी कूलंट काढा. हेडच्या भोकांत स्वच्छ कापड कोंबा, जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या नाहीतर पितळी पट्टीनं खरवडा. ॲल्युमिनियमवर ग्राइंडर फिरवू नका, खड्डे पडतात. मग फेसवर सरळ पट्टी उभी धरून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पातींचा संच) घाला. ०.१० मिमीची पात शिरली की फेस वाकलाय समजा. माझ्या मॅनिफोल्डची दोन्ही टोकं उठली होती. उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मशीनवर सरफेस ग्राइंडिंग करून आणलं, आणि त्यानंतर साध्या कोऱ्या पॅकिंगवर गाडी नीट लागली. आपल्याकडे उद्यमबाग हाताशी असताना लोक ट्यूबांवर ट्यूबा का पिळतात, देव जाणे.

बसवताना दोन्ही फेस कोरडे, तेलाचा डाग नको. नट मधून सुरू करून टोकांकडे, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ८ एमएमच्या स्टडला साधारण २० न्यूटन-मीटर, मेस्त्रींच्या भाषेत दोन किलो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. एक टोक पहिल्याच दमात कचकचून आवळलं की दुसरं उठतं, तिथूनच रडकथा सुरू होते. दोन-चार दिवस चालवून, इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्क पाना परत एकदा फिरवा. तेव्हा एखादा नट नुसताच फिरत राहिला तर स्टडचे नाहीतर हेडचे आटे गेलेत. हेडचे गेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या.