कलमं पाठ आहेत, पण प्रॉब्लेम सुटत नाही

प्रश्न : आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा कायदा हा पेपर घेतलाय. १९८० च्या व्हिएन्ना कराराची कलमं जवळपास पाठ झालीत, पण परीक्षेत प्रॉब्लेम आला की सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये सीआयएफ लिहिलेलं असेल तर हा करार बघायचाच कशाला? – एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी सीआयएफचं सांगते, कारण तो गोंधळ बऱ्याच जणांचा असतो. सीआयएफ, एफओबी वगैरे म्हणजे इनकोटर्म्स, माल पोचवण्याबद्दलच्या ठरावीक व्यापारी अटींची छोटी नावं, इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची, २०२० च्या आवृत्तीत ११ आहेत. भाडं कोण भरणार, विमा कोण काढणार, आणि माल कुठे पोचला की धोका खरेदीदाराच्या गळ्यात, एवढं ते सांगतात. माल खराब निघाला तर पुढे काय, हे त्यात नाहीच, त्यासाठी व्हिएन्ना करार उघडावाच लागतो. (मालकी कधी बदलते हे मात्र दोन्हीकडे सापडणार नाही, कलम ४ ने ते सरळ बाहेर ठेवलंय.)

आता सुरुवात. १०१ कलमं पाठ केलीत ते ठीक, पण पेपरात पहिल्यांदा बघायचं की दोन्ही पार्ट्यांचा धंदा कराराच्या वेगवेगळ्या सदस्य देशांत आहे का. नसेल तर कायदानिवडीचे नियम, म्हणजे कोणत्या देशाचा कायदा लावायचा ते ठरवणारे, सदस्य देशाच्या कायद्याकडे नेतात का. मग कलम ६, म्हणजे पार्ट्यांनी कॉन्ट्रॅक्टमध्ये व्हिएन्ना करार वगळलाय का, आणि इथेच भलेभले फसतात बघा, ‘जर्मन कायदा लागू राहील’ एवढंच लिहिलं तर करार वगळला जात नाही, कारण जर्मनी सदस्य आहे आणि हा करार जर्मन कायद्याचाच भाग झालाय.

मग कलम ३५, म्हणजे माल कॉन्ट्रॅक्टप्रमाणे आहे का, त्यासाठी एक निकाल नीट वाचा, शिंपल्यांचा. स्विस विक्रेत्याने जर्मन खरेदीदाराला न्यूझीलंडचे शिंपले विकले, त्यात कॅडमियम हा विषारी धातू जर्मनीतल्या मार्गदर्शक मर्यादेपेक्षा जास्त निघालं, खरेदीदार म्हणाला पैसे देणार नाही. १९९५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने सांगितलं की खरेदीदाराच्या देशातले सरकारी नियम विक्रेत्याला माहीत असलेच पाहिजेत असं नाही, तेच नियम विक्रेत्याच्या देशात असले, खरेदीदाराने आधी सांगितलं असलं किंवा तशी खास परिस्थिती असली तर गोष्ट वेगळी. पॅकिंगची तक्रारही होती, ती उशिरा केली म्हणून गेली.

उशिराचं म्हणजे कलम ३८ आणि ३९, माल तपासणं आणि तक्रार कळवणं. ‘तक्रारीला दोन वर्षं मिळतात’ असं लिहू नका प्लीज, तपासून वाजवी वेळेत कळवायचं असतं, दोन वर्षं ही शेवटची हद्द आहे. नासका माल असेल तर वाजवी वेळ काही दिवसांतच संपू शकतो, त्यामुळे प्रॉब्लेम वाचताना तारखांना पेन्सिलने गोल करा.

कलम २५ वर, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या मूलभूत भंगावर याल तेव्हा इंग्लिश कायद्यातलं अट (कंडिशन) आणि हमी (वॉरंटी) डोक्यातून काढा. ते वर्गीकरण इथे नाही, आणि कलम ७ सांगतं की अर्थ लावताना कराराचं आंतरराष्ट्रीय स्वरूप लक्षात ठेवा. इथे बघायचं ते हे की अपेक्षित होतं त्यातलं मोठं काही खरेदीदाराच्या हातून गेलं का, आणि विक्रेत्याला ते आधी दिसण्यासारखं होतं का. नुकसानभरपाईसाठी कलम ७४. आणि व्याजाचा दर शोधत बसू नका, ७८ म्हणतं व्याज द्या, किती टक्के ते लिहिलेलंच नाही.