‘व्हेरी एक्स्टॅटिक’ म्हणावं का?

प्रश्न : भाचीच्या साखरपुड्याच्या इंग्रजी पत्रिकेत ‘वी आर व्हेरी एक्स्टॅटिक फॉर इन्व्हायटिंग यू’ असं लिहिलंय. बरोबर आहे का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : तीन शब्द खटकतात. ‘एक्स्टॅटिक’चं मूळ ग्रीक, अर्थ ‘स्वतःबाहेर उभं राहणं’. आपलं ‘देहभान हरपणं’ अगदी तेच. भान हरपलं की हरपलं, त्याला ‘व्हेरी’ची फोडणी कशाला? जोर हवाच तर ‘अ‍ॅब्सोल्यूटली’. ‘फॉर’ही नको: पुढे क्रियापद असेल तर ‘टु’ (‘एक्स्टॅटिक टु हिअर’), नाम असेल तर ‘अबाउट’ (‘एक्स्टॅटिक अबाउट द रिझल्ट’). उच्चारात भार ‘टॅ’वर.

पण निमंत्रणाला हा शब्दच भडक. ‘वी आर डिलायटेड टु इन्व्हाइट यू’ लिहा, घरंदाज वाटतं. तुमच्या इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री गरम जलेबी मिळाली तर ‘हॅपी’ पुरे. दोन वर्षं अडकलेला व्हिसा हातात पडला, तर खुशाल ‘एक्स्टॅटिक’.

नाम वापरताना जास्त जपा. ‘एक्स्टसी’त भार पहिल्या अक्षरावर आणि स्पेलिंगच्या शेवटी एस-वाय, ‘डेमोक्रसी’च्या सवयीने हात सी-वायकडे जातो. शिवाय एमडीएमए या अमली पदार्थाचं हेच प्रचलित नाव. ‘इन एक्स्टसी’ म्हणजे हर्षोन्मादात, ‘ऑन एक्स्टसी’ म्हणजे नशेत! व्याह्यांकडे जाणाऱ्या पत्रिकेत ही चूक महागात पडेल.