हेजहॉग, मेणबत्ती आणि उलटलेलं बोलिविया : निवडुंगांची शास्त्रीय नावं

प्रश्न असा आहे : "अमेरिका खंडातल्या रानटी कॅक्टसच्या फुलांचे फोटो पाहत होतो. फुलं इतकी देखणी, आणि खाली नावं मात्र एकिनोसेरियस, मॅमिलारिया, लोबिविया अशी. या नावांना काही अर्थ असतो, की उगाच लॅटिनचा रुबाब? आणि कॅक्टसला सरसकट निवडुंग म्हटलं तर चालतं का?"

अर्थ असतो, आणि बहुतेक वेळा तो फार साधा असतो. 'एकिनोस' म्हणजे ग्रीकमध्ये हेजहॉग, अंगाचा काटेरी गोळा करून बसणारा तो छोटा प्राणी. 'सेरियस' म्हणजे लॅटिनमध्ये मेणबत्ती, कारण या गटातले कॅक्टस सरळसोट उभे वाढतात. दोन्ही जोडले की एकिनोसेरियस, म्हणजे काटेरी मेणबत्ती. मॅमिलारियाचं मूळ 'मॅमिला' म्हणजे स्तनाग्र. या कॅक्टसच्या अंगावर उभ्या धारा नसतात, छोट्या छोट्या गुठळ्या असतात, त्यावरून ते नाव आलं. 'सेफॅलोसेरियस सेनिलिस' या भारदस्त नावाचा अर्थ लावला तर डोकं, मेणबत्ती आणि म्हातारा असे तीन शब्द हाती लागतात. मेक्सिकोतल्या या उंच खांबाला लांब पांढरे केस असतात, आणि ते पाहिल्यावर दुसरं नाव सुचणंच कठीण. 'पेलेसिफोरा अ‍ॅसेलिफॉर्मिस' तर मला विशेष आवडतं. पहिल्या शब्दाचा अर्थ कुऱ्हाड धारण करणारा, दुसऱ्याचा अर्थ दगडाखाली सापडणाऱ्या, अनेक पायांच्या चपट्या किड्यासारखा. त्याच्या अंगावरच्या गुठळ्या दोन बाजूंनी चेपलेल्या असतात आणि त्यांवर काटे कंगव्यासारखे दोन ओळींत बसवलेले असतात. ते जवळून पाहिलं की किडा लगेच दिसतो.

आता एक गंमत ध्यानात घ्या. प्रश्नात कौतुक आहे ते फुलांचं, आणि ही सगळी नावं आहेत अंगाची : काटे, गुठळ्या, केस, आकार. 'एकिनोसेरियस ट्रायग्लोकिडिएटस' हे याचं उत्तम उदाहरण. फूल लालभडक, गुंजन पक्ष्यांना बोलावणारं, आणि मधोमध हिरवीगार कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक. लाल पाकळ्यांत तो हिरवा तारा इतका उठून दिसतो की एकदा पाहिल्यावर एकिनोसेरियसची फुलं त्याच खुणेवरून ओळखता येतात. पण १८४८ साली एंगेलमन या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिलं ते काट्यांच्या त्रिकुटावरून. मला वाटतं, यात नाव ठेवणाऱ्यांची अरसिकता नाही. कॅक्टसचं फूल कित्येकदा एका दिवसाचं, नाहीतर एका रात्रीचं असतं. वर्षभर समोर असतात ते काटेच.

मॅमिलारियाच्या फुलांचीही एक तऱ्हा सांगण्यासारखी आहे. ती गुठळीच्या टोकातून येत नाहीत, दोन गुठळ्यांमधल्या बेचक्यातून येतात, तीही बहुधा आदल्या हंगामातल्या वाढीवर. त्यामुळे माथ्याचा अगदी मधला भाग मोकळा राहतो आणि त्याभोवती फुलांचं कडं उमटतं. त्या कड्यावरूनही एखादं सुरेख नाव सुचलं असतं.

लोबिवियाची कथा निराळी. या शब्दाला ग्रीक, लॅटिन कुठलंच मूळ नाही. बोलिविया या देशाच्या नावातली अक्षरं फिरवली आहेत, बस्स. ब्रिटन आणि रोझ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१९ ते १९२३ या काळात कॅक्टस कुलावर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी हा खेळ मनसोक्त खेळला आहे. पेरूची राजधानी लिमा, तिथल्या कॅक्टसचं नाव 'मिला'. अर्जेंटिनातलं मेन्डोझा, त्याचं 'डेन्मोझा'. ब्राझीलच्या कोरड्या काटेरी रानाला कातिंगा म्हणतात, त्याचं 'तासिंगा'. देवनागरीत 'लिमा-मिला' आणि 'बोलिविया-लोबिविया' या जोड्या तर रोमनपेक्षाही नेटक्या दिसतात. असं चालतं का? चालतं. प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव कुठूनही घ्यावं, अगदी मनाने रचावं, अशी मुभा वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियमच देतात. लॅटिनसारखं वळण दिलं की झालं. लोबिवियातल्या जाती पुढे अनेकांनी एकिनोप्सिस या दुसऱ्या प्रजातीत घातल्या, पण कॅक्टस वाढवणाऱ्यांच्या तोंडून लोबिविया गेलेलं नाही.

ब्रिटन आणि रोझ याच जोडीने १९०८ मध्ये ॲरिझोनाच्या सग्वारो या प्रचंड कॅक्टसला 'कार्नेजिया' नाव दिलं. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेने टूसॉनला वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली होती, त्या उपकाराची ही फेड. आधीचं नाव 'सेरियस जायगँटियस', म्हणजे राक्षसी मेणबत्ती. खरं सांगायचं तर ते जास्त बोलकं होतं. सग्वारोचं पांढरं फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिटतं. रात्री वटवाघळं आणि दिवसा मधमाश्या, पारवे अशा दोन पाळ्यांत त्याच्याकडे पाहुणे येतात.

सगळ्यात सरस घोटाळा मात्र फड्या निवडुंगाच्या नावात आहे. 'ओपन्शिया' हे नाव ओपस या प्राचीन ग्रीक नगरावरून आलं. त्या परिसरातल्या एका वनस्पतीला पानांतून मुळं फुटतात, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं होतं. पुढे अमेरिकेतून फड्या निवडुंग युरोपात पोचला. त्याची पानासारखी दिसणारी पेरं जमिनीला टेकली की मुळं धरतात. मग ते जुनं नाव त्याला चिकटलं. प्लिनीच्या काळात ग्रीसमध्ये कॅक्टस असणं शक्यच नव्हतं. त्यातल्या एका प्रसिद्ध जातीचं पूर्ण नाव 'ओपन्शिया फायकस-इंडिका', म्हणजे भारतीय अंजीर. एकाच नावात ग्रीस आहे, भारत आहे, आणि झाड मेक्सिकोचं! तिथला 'भारत' अर्थातच कोलंबसाच्या समजुतीतला. खुद्द 'कॅक्टस' शब्दही असाच परका आहे. ग्रीकमध्ये 'काक्टोस' ही सिसिलीतली एक काटेरी भाजीची वनस्पती होती, आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली तो शब्द या अमेरिकी झाडांना दिला.

मग ही चुकीची नावं सुधारत का नाहीत? कारण नाव केवळ गैरलागू आहे म्हणून टाकून देता येत नाही, असा नियमच आहे. सग्वारोच्याच वाळवंटात होहोबा नावाचं झुडूप वाढतं, ज्याचं तेल आपल्याकडे जोजोबा म्हणून ओळखतात. त्याचं शास्त्रीय नाव 'सिमंडसिया चायनेन्सिस', म्हणजे चीनचं. नमुन्याच्या चिठ्ठीवर कॅलिफोर्नियाचं लघुरूप होतं आणि ते चीन असं वाचलं गेलं, असं मानतात. चीनशी काडीचा संबंध नाही, तरी नाव कायम. मला हा नियम पटतो. अर्थ सुधारायला बसलो तर दर पिढीत नावं बदलतील आणि जुन्या नोंदींतलं झाड कोणतं, हे कळेनासं होईल.

कॅक्टसबाहेरची दोन नावं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मधुमालतीचं जुनं प्रजातीनाम 'क्विस्क्वालिस', म्हणजे 'कोण? कसा?'. मलय भाषेतलं तिचं नाव रुम्फियस या वनस्पतिशास्त्रज्ञाला डच भाषेतल्या 'कसं' या अर्थाच्या शब्दासारखं ऐकू आलं, आणि त्याने त्याचं लॅटिन केलं. आधी झुडूप आणि मग वेल, फुलं आधी पांढरी आणि मग लाल, अशा झाडाला हे प्रश्नार्थक नाव शोभतंही. आणि पावसाळ्यात उगवणारा केना पाहा, 'कॉमेलिना'. त्याच्या फुलाला दोन ठळक निळ्या पाकळ्या असतात आणि तिसरी नावापुरती. कॉमेलिन घराण्यात दोन नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला, असं स्पष्टीकरण लिनियसने स्वतः दिलं आहे. इतकं करुण नाव दुसरं मला माहीत नाही.

आता निवडुंग. मराठीत हा शब्द दोन वेगळ्या कुलांना लागतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, बाहेरून आलेला. त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया, म्हणजे शेराचा भाऊबंद. त्याला खरचटलं की पांढरा चीक वाहतो, आणि फुलं बारीक, पाकळ्यांचा डौल नसलेली. कॅक्टसमध्ये काट्यांच्या मुळाशी लोकरीसारखी एक छोटी गादी असते. काटे आणि फुलं तिच्यातूनच निघतात. ही गादी युफोर्बियाला नसते, म्हणून ओळखायला हीच खूण धरावी. युफोर्बिया हे नावही माणसाचंच आहे, उत्तर आफ्रिकेतल्या दुसऱ्या ज्यूबा राजाचा वैद्य युफोर्बस याचं. तेव्हा बोलताना दोघांना निवडुंग म्हणायला हरकत नाही, शब्द दिसण्यावरून पडला आहे आणि तो चांगला आहे. पण लिहिताना कॅक्टस कुलाविषयीच म्हणायचं असेल तर 'कॅक्टस' लिहावं. उलट बाजूने, ज्याला निवडुंग म्हणावं असं कोणाच्या मनातही येत नाही, ते रात्री फुलणारं, घरोघरचं 'ब्रह्मकमळ' हा अस्सल कॅक्टस आहे : 'एपिफायलम ऑक्सिपेटॅलम', म्हणजे पानावर येणारं, टोकदार पाकळ्यांचं. ते 'पान' खरं तर चपटं झालेलं खोड. हिमालयातलं मूळ ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुलातलं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

राहता राहिला उच्चार. ओपन्शिया की ओपुंटिया, सेरियस की सेरेउस? पहिलं इंग्रजी वळण, दुसरं लॅटिनच्या जवळचं. दोन्ही रूढ आहेत, एका लेखात एकच वळण ठेवावं.