वाचकांचे प्रश्न : ठासणीचे पिस्तूल, पाणी आणि तेल

प्रश्न : मी ह्यूस्टनला राहतो. १८५१ सालच्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली प्रतिकृती मी गेल्या वर्षी विकत घेतली. महिन्यातून एकदा रेंजवर जातो आणि घरी आल्यावर बंदुकीच्या नेहमीच्या तेलाने ती पुसून ठेवतो. तरीही सिलिंडरच्या कप्प्यांत तांबूस डाग दिसू लागले आहेत आणि नळीतला काळा चिकट थर कितीही पुसला तरी निघत नाही. दुकानदार म्हणतात, साबणाच्या पाण्याने धुवा. लोखंडाला पाणी लावायचे हे मनाला पटत नाही. काय करावे?

उत्तर : दुकानदाराचे ऐका. तुमच्या पिस्तुलाला गंज चढला आहे तो तेल कमी पडल्यामुळे नव्हे, तर पाणी लावलेच नाही म्हणून.

आजच्या काडतुसांतली धूरविरहित दारू जळते तेव्हा तिचा जवळजवळ सगळा वायू होतो आणि मागे फारसे काही राहत नाही. शोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या दारूचे तसे नसते. तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतरही घन स्वरूपात उरतो. बार उडाल्यावर दिसणारा पांढरा लोट हे त्यातलेच कण, आणि उरलेले नळीत, सिलिंडरवर व घोड्याच्या खाचेत बसतात. रसायनशास्त्राच्या भाषेत ही पोटॅशियमची कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड, म्हणजे मुख्यतः क्षार. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते तसे हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि ह्यूस्टनच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. तुम्ही तेल लावता तेव्हा क्षाराचा थर जागीच राहतो, वर फक्त तेलाचे झाकण बसते आणि त्याखाली गंजाचे काम चालूच राहते. शिवाय खनिज तेल या काजळीत मिसळले की डांबरासारखा चिकटा होतो. न निघणारा तो काळा थर हाच.

तेव्हा आधी पाणी, मग पूर्ण कोरडे, आणि तेल सगळ्यात शेवटी.

धुण्यापूर्वी पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करा. निपल म्हणजे प्रत्येक कप्प्यामागची छोटी नळी, तिच्यावर बार पेटवणारी टोपी बसते. या सगळ्या टोप्या काढा, मग सहाही कप्प्यांत लाकडाची बारीक काडी घालून ती तळापर्यंत जाते का ते पाहा. एखादा बार उडायचा राहिला असेल तर घरी खटपट करू नका. रेंजवर परत जाऊन तेथील अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तो उडवून टाका.

आता पिस्तूल उघडा. कोल्टच्या या नमुन्यात नळी आणि सांगाडा यांना धरून ठेवणारी एक आडवी पाचर असते. उजव्या बाजूला तिच्या टोकाशी एक छोटी स्प्रिंग डोकावते. ती दाबून लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या हातोडीने पाचर डावीकडे हळूच ठोकायची. पाचर पूर्ण बाहेर काढण्याची गरज नाही. डाव्या बाजूचा स्क्रू तिला अडवतो आणि ती हरवत नाही, ही जुन्या कारागिराची सोय. पाचर सुटली की ठासणीचा दांडा दोन कप्प्यांच्या मधल्या भिंतीवर टेकवून दाबला असता नळी पुढे सरकून निघते. मग सिलिंडर काढा आणि मुठीचे लाकूड वेगळे करा, कारण लाकडाला पाणी लागू द्यायचे नाही. शेवटी निपल पान्याने सोडवून एका वाटीत ठेवा. त्या मोजून सहा आहेत ना ते पाहा. मोरीच्या जाळीतून निपल निसटली, तर पुढचा तास नळ खोलण्यात जातो.

बादलीत कोमट पाणी आणि त्यात भांडी घासण्याच्या साबणाचे काही थेंब पुरेत. बरेच जण उकळते पाणी वापरतात, कारण तापलेले लोखंड झटकन सुकते. मला ते पटत नाही. पाणी सुकता सुकताच लोखंडावर केशरी झाक येते आणि ती पुसण्याचे वेगळे काम वाढते. नळीत गजावर चिंधी लावून बादलीतले पाणी वरखाली ओढा. पहिल्याच फेरीला कुजक्या अंड्यांचा वास येईल. तो सल्फाइडचा असतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे करा, मग साध्या पाण्याने खळाळून घ्या. ब्लीच मात्र चुकूनही वापरू नका, त्याने पोलाद खाल्ले जाते.

सिलिंडरवर जास्त वेळ घालवा. त्याच्या अंगावर गलबतांचे चित्र कोरलेले आहे. टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना १६ मे १८४३ रोजी त्याच्या आरमाराची मेक्सिकोच्या जहाजांशी कँपेचीजवळ लढाई झाली, तिचे ते दृश्य, आणि ‘नेव्ही’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. ह्यूस्टनकरांनी हे चित्र जपायला हवे! कोरलेल्या रेघांत काजळी अडकते, ती मऊ दातघाशीने काढावी. परंतु गंजाची खरी जागा चित्रात नसते, ती निपलच्या आट्यांत असते. निपल सोडवलेल्या भोकात कान कोरण्याची कापसाची काडी फिरवून पाहा. कप्पा वरून आरशासारखा चकचकीत दिसत असला तरी ही काडी बहुतेक वेळा काळी-तपकिरी निघते. आट्या कोरड्या झाल्यावर त्यांना किंचित ग्रीस लावूनच निपल परत बसवा, नाहीतर पुढच्या वेळी ती सुटणार नाही.

सुकवण्यासाठी केस वाळवण्याचा ड्रायर उत्तम. हाताला भाग कोमट लागेपर्यंत वारा द्या, मग पातळ तेलाचा हलका हात फिरवा. कोरड्या, स्वच्छ लोखंडावर नेहमीचे खनिज तेल चालते. त्याचे वाकडे आहे ते काजळीशी. दुसऱ्या दिवशी नळीतून एक पांढरी चिंधी काढून पाहा. तांबूस आली तर कुठेतरी क्षार राहिला आहे असे समजून पुन्हा पाण्यापासून सुरुवात करा. खटका, घोडा आणि सिलिंडर फिरवणारा पंजा या आतल्या भागांना प्रत्येक वेळी हात लावण्याचे कारण नाही. चार-पाच वेळा रेंजवर जाऊन आल्यावर एकदा ते उघडावेत, आणि तेही स्क्रूच्या खाचेत नेमका बसेल अशाच पेचकसाने. ढिला पेचकस स्क्रूची डोकी कुरतडतो आणि मग पिस्तूल चोरबाजारातून आणल्यासारखे दिसते.

हे सगळे त्याच संध्याकाळी करायचे आहे. एका दिवाळीच्या फराळाला पाहुणे यायचे होते, म्हणून मी पिस्तूल तसेच पिशवीत ठेवले आणि तिसऱ्या दिवशी उघडले. नळीच्या तोंडाशी, आतल्या बाजूने, नखाएवढे तांबूस कडे उमटले होते. गंज गेला, पण खवले राहिले, आणि चिंधी आजही नेमकी त्या जागी अडखळते.

तुम्ही दारू कोणती वापरता ते लिहिलेले नाही. पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू असेल तर अधिक तत्परता हवी. तिच्यात पर्क्लोरेट असते आणि ते जळून क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या जेवणातल्या मिठाचे सख्खे भावंड. धूरविरहित दारूचा कणही या पिस्तुलात जाता कामा नये, मग ती कितीही थोडी असो. नळीवर ‘फक्त काळी दारू’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द उमटवलेले असतात, ते शोभेसाठी नाहीत. धूरविरहित दारूचा दाब हा सांगाडा सोसणार नाही आणि तुकडे होतील ते तुमच्या हातात.

आणखी एक गोष्ट तपासा. सांगाडा पितळेचा आहे का? कोल्टच्या मूळ पिस्तुलात खटक्याचे कडे आणि मुठीची पट्टी बहुधा पितळेची असे, सांगाडा लोखंडाचा. पितळी सांगाडे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या कारखान्यांनी लोखंडाच्या टंचाईमुळे केले आणि आजच्या स्वस्त प्रतिकृतींत तेच दिसतात. पितळ मऊ असल्याने भारी बारांनी सांगाडा हळूहळू ताणला जातो, म्हणून हलकेच बार भरावेत. ते काळवंडले म्हणून देवाच्या भांड्यांसारखी चिंच लावण्याचा मोह होईल. ती आंबट ओल सांध्यांतून पोलादापर्यंत जाते, म्हणून तो मोह आवरा.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातल्या मित्राने अशी प्रतिकृती काहीही नोंदणी न करता घरपोच मागवली. मी एडिसन, न्यू जर्सी येथे राहतो. मीही मागवू शकतो का?

उत्तर : नाही, तशी नाही. मित्राचे म्हणणे संघराज्याच्या कायद्यापुरते बरोबर आहे. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र, तसेच आधुनिक काडतूस न वापरणारी त्याची प्रतिकृती यांना ‘प्राचीन शस्त्र’ म्हणून बंदुकीच्या व्याख्येतून वगळले आहे. पण राज्यांना अधिक कडक नियम करता येतात. न्यू जर्सीत काळ्या दारूचे चालते पिस्तूल हेही हँडगनच समजले जाते आणि खरेदीपूर्वी परवाना लागतो. मित्राचे पिस्तूल गाडीतून सहज घरी घेऊन येणेही त्यामुळे अंगाशी येऊ शकते.

एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. आधुनिक बंदूक बाळगण्यास त्यांना काही मोजके अपवाद वगळता मनाई आहे. प्राचीन शस्त्राच्या व्याख्येत बसणारी वस्तू संघराज्याच्या त्या मनाईत येत नसली, तरी राज्याचा कायदा मोडला तर गुन्ह्याची नोंद होते आणि तिचा परिणाम पुढे व्हिसावर होतो. आधी वकिलाला विचारा, पिस्तूल मागाहून घेता येईल. काही दुकाने याच पिस्तुलासाठी काडतुसे घेणारे वेगळे सिलिंडर विकतात. ते बसवले की संघराज्याची सवलतही संपते.

इंग्लंडहूनही हाच प्रश्न मधूनमधून येतो. तेथे १९९७च्या हँडगन बंदीतून ठासणीची पिस्तुले वगळली गेली, परंतु त्यांना पोलिसांचे शस्त्र प्रमाणपत्र लागते आणि काळ्या दारूसाठी वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेहून पुण्याला येत आहे. त्याच्याकडे असे पिस्तूल आहे, ते दिवाणखान्यात लावण्यासाठी आणायचे म्हणतो. प्रतिकृतीच तर आहे, अडचण काय?

उत्तर : अडचण त्याच शब्दात आहे. प्रतिकृती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जत्रेतले खेळणे किंवा नाटकातली प्लायवूडची तलवार येते. ही वस्तू गोळी झाडते. स्फोटकाच्या जोराने गोळी फेकणारे कोणत्याही प्रकारचे हत्यार हे भारताच्या १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार अग्निशस्त्र आहे, मग ते काडतुसाचे असो की ठासणीचे. कोकणात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेतकरी ठासणीची बंदूक बाळगतात, तिलाही परवाना असतो आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, हे तुम्ही ऐकले असेलच. जुन्या, केवळ ऐतिहासिक मोलाच्या शस्त्रांना कायद्यात सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही वापरता येणार नाहीत अशाच शस्त्रांना. गेल्या वर्षी कारखान्यातून निघालेले धडधाकट पिस्तूल त्यात बसत नाही. बाळगायला परवाना हवा, देशात आणायला वेगळा परवाना हवा, आणि विमानतळावर सापडल्यावर भावाने ‘शोभेसाठी’ असे कितीही सांगितले तरी उपयोग होणार नाही. काळी दारू आणि टोप्या तर अमेरिकेतल्या विमानतळावरच, कोणत्याही सामानातून नेऊ देत नाहीत. भावाला ते तिथेच ठेवू द्या आणि त्याचा एक चांगला फोटो काढून मागवा.

प्रश्न : गोळीवर लावायला खोबरेल चालेल का? आमच्याकडे अटलांटाला ते नेहमी घरात असते.

उत्तर : चालेल, पण नुसते नको. वनस्पतीजन्य किंवा प्राणिज चरबी काजळीशी मिसळून तिला मऊ ठेवते, त्यामुळे पाचव्या-सहाव्या फेरीनंतरही सिलिंडर अडत नाही. खोबरेल मात्र साधारण २४ अंशांच्या वर वितळते, आणि अटलांटाच्या उन्हाळ्यात ते कप्प्यातून ओघळून दारूपर्यंत जाईल व बार फुसका होईल. त्यात मधमाशांचे मेण मंद आचेवर वितळवून मिसळा. थंड झाल्यावर मिश्रण बोटाला लागेल इतके मऊ आणि उन्हात ठेवले तरी धरून राहील इतके घट्ट हवे. जमेपर्यंत दोन-तीन प्रयत्न होतील. जवसाचे तेल मात्र लोखंडाला लावू नका, ते वाळून त्याची साय धरते. मुठीच्या लाकडाला तेच तेल उत्तम, पण लाकूड पिस्तुलावरून काढून, दोन थेंब तळहातावर घेऊन चोळावे आणि दोन दिवस वाळू द्यावे. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी आपोआप पेट घेते, म्हणून ती बाहेर सपाट पसरून वाळवावी.